साचा आणि भोंगा

आषाढ लागला की हमरापूर, जोहे, जिते या पट्ट्यात माणसांपेक्षा गणपतींना जास्त जागा लागते. ओटीवर, पडवीत, अंगणातल्या मांडवात, जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा मूर्ती उभ्या असतात. रंग न चढलेल्या, पांढऱ्याशुभ्र, शेकड्यांनी. पावसाची झड आत येऊ नये म्हणून भोवती प्लास्टिकचे कागद बांधलेले असतात आणि दिवसभर त्यांच्यावर पाऊस वाजत असतो. पेण तालुक्यातलं जिते हे माझं आजोळ. यंदा मामांच्या शेजारच्या कारखान्यात मी दोन दुपारी बसून होतो. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड, आठ-दहा कारागीर, एका भिंतीला ओळीने लावलेले रबरी साचे आणि समोर फळ्यांवर त्या साच्यांतून निघालेली फौज.

माझ्या हातात या लेखासाठी जमवलेली टिपणं होती. साच्यात काथ्या आणि प्लास्टर भरत बसलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराने विचारलं, कसले कागद आहेत? मी सांगितलं, की आकाशातल्या दीर्घिका एकमेकींपासून दूर चालल्या आहेत. जी जास्त लांब, ती जास्त वेगात. एक दीर्घिका तेरा कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला तीन हजार किलोमीटर वेगाने लांब जाते आहे. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "वेग कळला असं धरू. पण तेरा कोटी हे अंतर कुणी मोजलं? टेप धरायला तिकडे कोण गेलं होतं?"

खगोलशास्त्रज्ञ गेली शंभर वर्षं याच प्रश्नाशी झगडत आहेत. विश्वाचं प्रसरण मोजायला दोनच गोष्टी लागतात: दीर्घिकेचा वेग आणि तिचं अंतर. यातला वेग सोपा आहे. सगळी भांडणं, सगळ्या चुका आणि सगळी प्रतिभा अंतरात खर्ची पडली आहे.

वेगाचं काम जित्याच्या ओटीवर बसूनही समजतं. पनवेल–रोहा मार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्यामध्ये जिते स्थानक आहे. दिवा–रोहा गाडी इथे थांबते. कोकणात जाणाऱ्या लांबच्या गाड्या शिट्टी फुंकत निघून जातात. गाडी आपल्याकडे येत असते तेव्हा शिट्टीचा सूर चढा असतो आणि समोरून गेली की तो झटकन उतरतो. ख्रिश्चन डॉप्लरने 1842 साली हा नियम मांडला. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये उत्रेख्तजवळ बायस बॅलट या शास्त्रज्ञाने आगगाडीवर कर्णे वाजवणारे वादक बसवले, रुळाकडेला सुरांचे जाणकार उभे केले आणि तो पडताळून पाहिला. प्रकाशालाही हेच लागू होतं. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पसरवला की वर्णपटात काळ्या रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांची जागा ठरलेली असते. या रेघा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या दिसल्या, तर वस्तू दूर चालली आहे. मराठीत याला ताम्रसृती म्हणतात. अमेरिकेतल्या लोवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर याने 1912 साली देवयानी दीर्घिकेच्या वर्णपटावरून तिचा वेग काढला. ती निघाली आपल्याच दिशेने येणारी, सेकंदाला 300 किलोमीटर वेगाने. पण पुढच्या पाच वर्षांत त्याने पंचवीस सर्पिलांचे, म्हणजे देवयानीसारख्या दिसणाऱ्या सर्पिल आकारांचे, वेग काढले आणि त्यातली एकवीस दूर जाताना दिसली. तेव्हा या सर्पिला म्हणजे आपल्याच आकाशगंगेतले ढग की बाहेरची विश्वं, हेही ठरलेलं नव्हतं.

शिट्टीचा दाखला मात्र एका टप्प्यावर सोडावा लागतो. दूरच्या दीर्घिकेची ताम्रसृती ती अवकाशातून पळते म्हणून होत नाही. प्रकाश वाटेत असताना मधलं अवकाशच ताणलं जातं आणि त्याबरोबर प्रकाशाची लाटही ताणली जाते. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण पुणे जिल्ह्यातलं आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, ऊस आणि द्राक्षांच्या रानात पसरलेल्या. हायड्रोजनचा अणू एक रेडिओलाट सोडतो. तिची लांबी 21 सेंटिमीटर असते, इथे आणि विश्वात कुठेही. जानेवारी 2023 मध्ये जाहीर झालं, की खोडदच्या तबकड्यांनी सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लाट पकडली आहे. ती पोचली तेव्हा 48 सेंटिमीटरची झाली होती. निघताना वीतभर आणि पोचताना हातभर. विश्वाचं प्रसरण असं शिंप्याच्या पट्टीवर दाखवता येतं.

आता अंतर.

आपट्याहून जित्याकडे येताना खिडकीत बसलं, की रुळालगतचे खांब सपासप मागे जातात, शेतापलीकडची झाडं सावकाश सरकतात आणि कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका जागचा हलल्यासारखाही वाटत नाही. वस्तू किती सरकली यावरून ती किती लांब हे काढता येतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणजे आपणही सहा महिन्यांत तीस कोटी किलोमीटर बाजूला सरकतो. तेवढ्यात जवळचे तारे मागच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित हललेले दिसतात. हा पराशय. युरोपच्या गाया यानाने 2014 ते 2025 या काळात जवळजवळ दोनशे कोटी ताऱ्यांचं हे सरकणं टिपलं. शुद्ध भूमिती, यात कशावर विश्वास टाकावा लागत नाही. पण दुसऱ्या दीर्घिका कर्नाळ्याच्या सुळक्यापेक्षाही वाईट आहेत. त्या हलतच नाहीत.

तिथून पुढे साचा लागतो. कारखान्यात मी त्या कारागिरांना हेच सांगितलं. एकाच साच्यातून काढलेल्या दोन मूर्ती, एक इथे, एक शेडच्या पार टोकाला. दोन्हींची उंची सारखीच हे ठाऊक आहे. मग टोकाची मूर्ती किती लहान दिसते, यावरून ती किती लांब हे टेप न धरता सांगता येईल. दिव्याचंही तसंच. सारखेच दोन दिवे, एक दुप्पट अंतरावर ठेवला तर तो चौपट मंद दिसतो. आकाशात एकाच साच्यातले दिवे सापडले, की काम झालं.

असे दिवे हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी शोधले. हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या फोटोपट्ट्यांवरचे तारे मोजायला बायका ठेवल्या होत्या. लेव्हिटबाईंना ताशी तीस सेंट मिळत. त्यांना ऐकू येत नव्हतं. मॅगेलनच्या लहान मेघात, म्हणजे दक्षिण आकाशातल्या एका छोट्या दीर्घिकेत, काही तारे ठरावीक दिवसांनी तेजस्वी आणि मंद होतात. या सेफीड जातीच्या पंचवीस ताऱ्यांची यादी त्यांनी 1912 साली मांडली. ज्याचा फेरा लांब, तो तारा जास्त तेजस्वी. हे त्यांना दिसलं, कारण ते सगळे तारे एकाच मेघात होते, म्हणजे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. एकाच फळीवर मांडलेल्या मूर्तींची उंची नुसत्या नजरेने ताडून पाहता येते, तसं. आता कुठेही सेफीड दिसला, की त्याचा फेरा मोजायचा, त्यावरून खरं तेज काढायचं आणि दिसणाऱ्या तेजाशी ताडून अंतर काढायचं. लेव्हिटबाई 1921 साली कर्करोगाने गेल्या. 1925 साली एका स्वीडिश गणितज्ञाने नोबेलच्या विचाराने त्यांच्या नावे पत्र पाठवलं. त्या हयात नाहीत हे त्याला माहीत नव्हतं. विश्व मोजण्याची पहिली खरी पट्टी या बाईंची आहे आणि शाळेत आपल्याला नाव शिकवतात ते हबलचं.

हबलचं काम लहान होतं असं मुळीच नाही. ऑक्टोबर 1923 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या शंभर इंची दुर्बिणीने त्याने देवयानीत एक सेफीड पकडला आणि देवयानी आकाशगंगेच्या बाहेर आहे हे एका ताऱ्याने सिद्ध केलं. 1929 साली त्याने चोवीस दीर्घिकांची अंतरं आणि वेग एका आलेखावर मांडले: जितकी लांब तितकी वेगवान. पुढे आणखी दूरच्या दीर्घिकांचे वेग मिळवण्यासाठी रात्ररात्र थंडीत दुर्बिणीशी बसणारा माणूस होता मिल्टन ह्यूमासन. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला, वेधशाळेचं सामान खेचरांवर लादून डोंगरावर नेणारा, मग तिथेच झाडलोट करणारा. हात स्थिर आणि चिकाटी दांडगी, म्हणून त्याच्याकडे दुर्बीण आली. कारागिरांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा डोळ्यांची आखणी करणारा एक मुलगा मान वर करून ऐकू लागला. हाच नियम बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी 1927 साली आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढला होता. तो फ्रेंचमध्ये छापला गेला आणि फारसा कुणी वाचला नाही. 2018 साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने त्याला हबल–लमेत्र नियम म्हणावं असं ठरवलं.

या आलेखाचा चढ म्हणजे हबल स्थिरांक. दर मेगापार्सेकमागे, म्हणजे साडेबत्तीस लाख प्रकाशवर्षांमागे, वेग सेकंदाला किती किलोमीटरने वाढतो ते. हबलचं उत्तर होतं 500. त्याचं उलट गणित केलं तर विश्वाचं वय सुमारे 200 कोटी वर्षं निघतं. भूशास्त्रज्ञांकडे तोवर त्याहून जुने खडक होते. लेक आईपेक्षा मोठी!

चूक साच्यात होती. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिस शहरात दिवे मालवले गेले, वरचं आकाश काळंभोर झालं आणि माउंट विल्सनवर वॉल्टर बाडे या जर्मन माणसाला देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे सुटे दिसले. त्यातून उलगडलं, की ताऱ्यांच्या दोन पिढ्या आहेत आणि सेफीडही दोन जातींचे. सारख्याच फेऱ्याचे, पण एक जात दुसरीपेक्षा बरीच तेजस्वी. हबलने एका जातीची पट्टी दुसरीला लावली होती. 1952 साली बाडेने हे रोमला जाहीर केलं आणि देवयानीसह बाहेरच्या सगळ्या दीर्घिकांची अंतरं एका दिवसात दुप्पट झाली. कारखान्यात हे समजावून सांगावं लागलंच नाही. एकाच साच्यात शाडू भरला आणि प्लास्टर भरलं, तर शाडूची मूर्ती वाळताना आकसते. साचा एकच, पण उंची दोन. त्यांनीच मला ते बोटाने दाखवलं.

ही दुरुस्ती होण्याआधी, 1948 साली, वयाच्या या घोळातूनच एक वेगळा विचार उभा राहिला होता. फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड म्हणाले, की विश्व प्रसरण पावतं खरं, पण त्याला आरंभ नाही. मधली जागा भरायला नवं द्रव्य सतत निर्माण होतं आणि विश्व कायम सारखंच दिसतं. कोल्हापुरात जन्मलेले आणि बनारसला वाढलेले जयंत विष्णू नारळीकर 1957 साली केंब्रिजला गेले, हॉइल यांचे विद्यार्थी झाले आणि या स्थिर स्थिती सिद्धांताचे जगातले एक बिनीचे शिलेदार ठरले. 1972 मध्ये ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. आणि याच संस्थेत गोविंद स्वरूप यांचा रेडिओ खगोलशास्त्राचा गट होता. त्यांनी उटीच्या डोंगरउतारावर 530 मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण बांधली होती. चंद्र रेडिओस्रोतांच्या आड येतो तेव्हा त्यांचा आकार किती, हे ती टिपत असे. 1975 साली स्वरूप आणि विजय कपाही यांनी शेकडो स्रोतांचे आकार मांडून दाखवलं, की जसजसे अधिक मंद स्रोत पाहावेत तसतसे ते ज्या रीतीने लहान दिसतात, ती रीत न बदलणाऱ्या विश्वाशी जुळत नाही. पूर्वीचं विश्व वेगळं होतं. म्हणजे मुंबईतल्या एकाच संस्थेत एकाने सिद्धांत धरून ठेवला होता आणि दुसऱ्याच्या मोजमापाने त्याला धक्का दिला होता.

नारळीकरांनी आपली बाजू शेवटपर्यंत सोडली नाही. 1993 साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी तिचं सुधारलेलं रूप मांडलं. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते पटलं नाही आणि पुरावा पाहता मलाही पटत नाही. पण 1988 साली त्यांनी पुण्यात उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आठवा. तिथे विश्वाचा आरंभ महास्फोटातून झाला असं मानणारे, कृष्णऊर्जा शोधणारे, गुरुत्वीय लहरींवर आयुष्य घालवणारे सगळे निर्धास्त काम करत राहिले. स्वतःचा सिद्धांत मानणाऱ्यांचा मठ त्यांनी केला नाही. 20 मे 2025 रोजी ते गेले. आमच्या पिढीने ताम्रसृती, कृष्णविवर हे शब्द त्यांच्या मराठी पुस्तकांतून उचलले. या लेखातले अर्धे शब्द त्यांच्याच हातून आलेले आहेत.

सेफीड काही कोटी प्रकाशवर्षांपर्यंत दिसतात. त्यापुढे याहून प्रखर दिवा हवा आणि त्याची सुरुवात मुंबई बंदरातून झाली. 31 जुलै 1930 रोजी एकोणीस वर्षांचा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने युरोपला निघाला. वाटेत त्याने गणित मांडलं, की विझत आलेला श्वेत बटू तारा एका मर्यादेपेक्षा जड होऊच शकत नाही. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे 1.4 पट. शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ओढून श्वेत बटू या मर्यादेपाशी पोचला की त्याचा स्फोट होतो आणि तो अतिनवतारा अख्ख्या दीर्घिकेएवढा उजळतो. वजन ठरलेलं, म्हणून तेजही जवळपास ठरलेलं. साचा निसर्गानेच घालून दिलेला. जवळच्या अतिनवताऱ्यांचं खरं तेज सेफीडवरून बांधायचं, सेफीडचं गायाच्या पराशयावरून, आणि मग दूरचे अतिनवतारे वापरायचे. शिडीची एक पायरी दुसरीवर टेकलेली. याच दिव्यांनी 1998 साली दाखवलं, की विश्वाचं प्रसरण मंदावत नसून वेग घेत आहे. 2011 चं नोबेल त्याला मिळालं.

या शिडीवरून 2022 साली आलेला हबल स्थिरांक आहे 73, एका किलोमीटरच्या आसपास मागेपुढे. दुसरा रस्ता उलट बाजूने येतो. विश्व जेमतेम 3,80,000 वर्षांचं असताना तापलेल्या द्रव्यात ध्वनिलहरी फिरत होत्या. त्यांचे ठसे विश्वाच्या आदिम प्रकाशात उरले आहेत आणि त्या ठशांची लांबी भौतिकशास्त्रावरून काढता येते. हाही एक साचा, विश्वातला पहिला. प्लँक यानाने तो मोजला आणि उत्तर आलं 67.4, अर्ध्या किलोमीटरच्या फरकाने. पनवेल ते रोहा लोहमार्ग साधारण पाऊणशे किलोमीटरचा. त्यात साडेपाच किलोमीटरचं अंतर कमी-जास्त भरलं तर प्रवाशाला कळायचंही नाही. पण इथे दोन्ही मोजणाऱ्यांनी आपापल्या चुकीची हद्द आखून दिली आहे आणि त्या हद्दी एकमेकींना शिवत नाहीत. सेफीड गर्दीत मिसळून जास्त तेजस्वी वाटत असतील अशी शंका होती. जेम्स वेब दुर्बिणीने ते सुटे करून पाहिले. सगळा फरक त्याने भरून निघत नाही. सेफीडऐवजी वेगळेच तारे वापरणाऱ्यांना सत्तरच्या आसपासचं उत्तर मिळतं. कुठलातरी शाडू आकसला आहे, किंवा आदिम विश्वात असं काहीतरी होतं जे आपल्या समीकरणांत नाही.

या भांडणात तिसरा साक्षीदार महाराष्ट्रात उभा राहणार आहे. हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ आपल्याला ज्योतिर्लिंगासाठी माहीत. तिथे लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या चार-चार किलोमीटर लांब, काटकोनातल्या दोन भुजा बांधल्या जायच्या आहेत. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत आदळतात, तेव्हा अवकाशात लहरी उठतात. त्यांचा सूर चढत जातो आणि तो किती भरभर चढतो यावरून त्या ताऱ्यांची वजनं कळतात, म्हणजेच मुळात ती हाक किती मोठी होती हेही कळतं. ऐकू आली ती किती क्षीण, यावरून अंतर. शिडी नाही, सेफीड नाही, साचा नाही. गिरणीचा भोंगा ऐकू यावा आणि आपण किती दणदणीत वाजलो हे त्या आवाजातच लिहिलेलं असावं, असा हा प्रकार. बर्नार्ड शुट्झ यांनी 1986 साली ही युक्ती सुचवली. गोंगाटातून असा चढता सूर वेचून काढण्याच्या गणितावर पुण्यात आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम केलं, तेही लहरी प्रत्यक्ष सापडण्याच्या पंचवीसेक वर्षं आधीपासून.

असा भोंगा एकदा अगदी स्पष्ट ऐकू आला. मी कारागिरांना सांगितलेली तेरा कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका तीच: वासुकी तारकासमूहातली एनजीसी 4993. लहरींपाठोपाठ 1.7 सेकंदांनी गॅमा किरणांची ठिणगी दिसली, मग दुर्बिणींनी दीर्घिका हुडकली, खोडदच्या तबकड्यांनीही नंतर तिथली रेडिओझळाळी टिपली. लहरींवरून अंतर, दीर्घिकेच्या प्रकाशावरून वेग. उत्तर आलं 70, पण वर 12 आणि खाली 8 चा फरक धरून. म्हणजे 67 आणि 73 दोन्ही त्यात बसतात. याचं मोठं कारण म्हणजे भोंग्याचं तोंड आपल्याकडे होतं की तिरकं, हे एका आवाजावरून नीट ठरत नाही. अशा पन्नासेक घटना मिळाल्या तर उत्तर दोन टक्क्यांत येईल असा हिशेब आहे. त्यासाठी आकाशातली दिशा नेमकी कळायला हवी आणि दिशा कळायला पृथ्वीवर लांब लांब असे कान हवेत. अमेरिकेत दोन आहेत, युरोपात आणि जपानमध्ये एकेक. औंढ्याचा कान या सगळ्यांपासून दूर आहे, म्हणूनच तो इतका मोलाचा.

दुसऱ्या दुपारी निघताना मी त्या कारागिरांना एक तारीख सांगितली. ती लहर पृथ्वीवर आली 17 ऑगस्ट 2017 रोजी, आपल्या घड्याळात संध्याकाळी 6 वाजून 11 मिनिटांनी. त्या वर्षी गणेश चतुर्थी होती 25 ऑगस्टला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, आठ दिवस आधी म्हणजे इथे श्वास घ्यायला फुरसत नसते, डोळे आखायचं काम त्याच दिवसांत चालतं. त्या संध्याकाळी सुमारे शंभर सेकंद ती लहर त्यांच्या शेडमधून जात होती, रुळांमधून, मामांच्या ओटीवरून, कर्नाळ्याच्या सुळक्यातून. फळीवरची प्रत्येक मूर्ती अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी सूक्ष्म अंतराने लांबत होती आणि आखडत होती, आणि ब्रश धरलेला हातही तिच्याबरोबर.